तीन सुताले जरासक कमी

माणसाने आयुष्यात एकदा तरी रेल्वे बांधावी, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. चिंतामणराव पांढरीपांडे यांनी ती बांधावयास घेतली त्याला कारण शास्त्र नव्हते, साडू होता.

साडू हे नाते समाजाने कोणत्या हेतूने निर्माण केले असावे, यावर चिंतामणरावांनी पुष्कळ चिंतन केले होते. भाऊ आईबापांनी दिलेला असतो, मित्र आपण जोडलेला असतो. साडू मात्र आपल्या सासऱ्याने, आपल्याला न विचारता, दुसऱ्याच एका मुलीसाठी पसंत केलेला असतो. आणि असे असूनही जन्मभर आपली तुलना होते ती नेमकी त्याच्याशी. चिंतामणरावांचे साडू केशवराव हे अकोल्यास असत. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नवी सदनिका घेतली आणि फेब्रुवारीत वास्तुशांत केली. त्या दिवशी दिवाणखान्यात, ज्या जागी सभ्य माणसाच्या घरी गणपती असतो, त्या जागी एक मोठे मेज होते आणि मेजावर जर्मनीहून मुलाने पाठवलेली खेळातली आगगाडी गोल गोल फिरत होती. भोवती सूचिपर्णी वृक्ष, वृक्षांवर हिम, मागे एक किल्ला. बाहेर अकोल्याचे ऊन तापू लागले होते, आणि आत वीस-पंचवीस मंडळी हातातला बुंदीचा लाडू विसरून त्या हिमाकडे पाहत होती.

"छान आहे," चिंतामणराव म्हणाले. एवढ्यावर थांबते तर पुढचे काहीच घडले नसते. "पण यात आपले काय आहे?"

"आपलं म्हणजे?" केशवराव म्हणाले. "रिमोट आपल्या हातात आहे ना, साडभाऊ!"

मंडळी हसली. चिंतामणरावांना हसण्याचे वावडे नव्हते. हशा दुसऱ्याच्या वाक्याला मिळण्याचे होते. त्यांनी उपरणे सावरले आणि जाहीर केले की आपल्या वऱ्हाडची शकुंतला, अरुंद रुळांवरून मूर्तिजापुराहून अचलपुरास जाणारी आगगाडी, आपण स्वहस्ते घरी उभी करून दाखवू. पाच हजार रुपयांच्या आत. "अक्षय्य तृतीयेला आमरसाला या, आणि गाडी पाहून जा."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई यांनी डोळे मिटून घेतले. परतीच्या एस.टी.ने बडनेरा गाठले. मग त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला साधा खिळा ठोकता येतो का?"

"खिळा ठोकणे हे कारागिराचे काम. तो कोठे ठोकावा, हे ठरवणे माझे."

हे उत्तर उर्मट वाटेल; पण त्यामागे सदतीस वर्षांची नोकरी होती. चिंतामणराव मोजणीच्या खात्यात भूकरमापक होते. हातभर धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, एकमेकांची डोकी फोडावयास निघालेल्या सख्ख्या भावांच्या मधोमध उभे राहून त्यांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. लोक शिव्या देत, पाया पडत, कोणी मोसमात संत्र्यांची टोपली पाठवी; ती टोपली परत जाई आणि माप तेच राहत असे. एकदा नकाशावर सही केली की चिंतामणरावांनी ती कधी मागे घेतली नव्हती. त्यांच्या दृष्टीने माणसे दोन प्रकारची होती: मोजणारी आणि अंदाज करणारी. दुर्दैवाने प्रमोदिनीबाई दुसऱ्या प्रकारच्या होत्या. त्या मीठसुद्धा मुठीने टाकीत.

"बत्तीस वर्षं अंदाजानं टाकते आहे," त्या म्हणत. "एकदा तरी खारट झालं का?"

"एकदा. दोन हजार नऊ. रथसप्तमी."

असो. राजापेठेतील त्यांचे घर तीन शिकवणीवर्गांच्या मागच्या गल्लीत आहे. घरात एकच मोठी खोली, ती बैठकीची. आणि त्या खोलीच्या खिडकीत कूलर. ज्याने वऱ्हाडातला वैशाख पाहिला नाही त्याला वाटेल, कूलर ही एक वस्तू आहे. येथे ती संस्था आहे. होळी झाली की तो माळ्यावरून उतरतो, त्याला नवा वाळा लागतो, आणि मग जूनपर्यंत सारे कुटुंब त्याच्यासमोर जेवते, झोपते, भांडते आणि समेट करते.

त्या खोलीत आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी प्लायवूडची फळी आली. फळीसाठी प्रथम दिवाण अंगणात गेला. मग शिलाईचे यंत्र देवघरात गेले. टी.व्ही. अशा कोनात वळवावा लागला की तो केवळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहूनच पाहता येई. पाच हजारांच्या अंदाजपत्रकात यांपैकी कशाचाच उल्लेख नव्हता, कारण यांना पैसे पडले नव्हते.

फळी करणारा सुतार सहदेव हा जवळच राहत असे. चिंतामणरावांनी त्याला समोर बसवून गणित समजावले. खऱ्या शकुंतलेच्या दोन रुळांतील अंतर सातशे बासष्ट मिलिमीटर. प्रतिकृती सत्त्याऐंशीपट लहान. भागाकार आठ पूर्णांक पंचाहत्तर शतांश आणि काही. बाजारात मिळणारे इंजिन नऊ मिलिमीटरच्या रुळांचे. म्हणून अंतर नऊ.

"मले मिलिमीटर नाई समजत, सायेब," सहदेव म्हणाला. "मले सुतात सांगा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांची सारी दुनिया या मापावर चालते. दार, खिडकी, पाट, पाळणा, तिरडीचा बांबू, सर्व काही सुतातच. चिंतामणरावांनी कागदावर आकडेमोड केली. उत्तर आले दोन पूर्णांक त्र्याऐंशी शतांश सूत. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. सुताराच्या हाती दशांश देऊ नये, हा त्यांचा जुना सिद्धान्त होता.

"तीन सूत," ते म्हणाले.

सहदेवाने कागदावरच्या नऊच्या आकड्याकडे पाहिले, मग आपल्या पोलादी पट्टीची दुसरी बाजू उलटून पाहिली. "तीन सुताले जरासक कमी घेऊ का, सायेब?"

"जरासक म्हणजे किती?"

"जरासक म्हंजे... जरासक. रंध्याचा एक हात."

"सहदेव, जरासक हे माप नव्हे. जरासक ही प्रवृत्ती आहे. या देशातले अर्धे दिवाणी दावे जरासकवर उभे आहेत. तीन म्हणजे तीन."

"बरं," सहदेव म्हणाला. तो हुज्जत घालणारा माणूस नव्हता. त्याने सागाचा एक लहानसा ठोकळा करून आणला. हा ठोकळा दोन रुळांच्या मध्ये धरायचा आणि रूळ चिकटवत पुढे जायचे, म्हणजे अंतर सर्वत्र सारखे. चिंतामणरावांनी तो सहदेवाच्याच पट्टीने, इंचांच्या बाजूने, तपासला. बरोबर तीन सूत. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ठोकळ्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिले, 'तपासले, बरोबर आढळले', आणि खाली दिनांकासह सही केली.

इंजिन मुंबईहून मागवले होते. कोणा शौकिनाने वापरून विकलेले, तरी पाच हजारांतले बेचाळीसशे त्यानेच खाल्ले. पार्सल राजापेठेतल्या एका कुरिअरच्या कचेरीत आले आणि तेथेच राहिले. चिंतामणराव स्वतः गेले. खिडकीपाशी दीक्षा नावाची मुलगी बसली होती.

"काका, यात इंजिन आहे का?"

"आहे."

"मग आर.सी. लागेल."

"कशाचे आर.सी.?"

"गाडीचं. इंजिन एक नग असं लिहिलं आहे. इंजिन म्हटलं की सिस्टीम गाडीचे कागद मागते."

"बाळ, ते माझ्या तर्जनीएवढे आहे."

"साइझचा कॉलम नाही, काका."

येथे चिंतामणरावांनी पाऊण तास युक्तिवाद केला. वाहन कशास म्हणावे; जे माणसास वाहून नेत नाही ते वाहन होय काय; नोंदणी रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांची असते, रुळांवर चालणाऱ्यांची नव्हे. मागे रांग वाढत गेली. रांगेतला एक गृहस्थ प्रथम चिडला, मग त्यांच्या बाजूने वाद घालू लागला, आणि अखेरीस स्वतःचे पार्सल न घेताच निघून गेला. दीक्षाने सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, तुम्ही बरोबर बोलून राहिले. पण सिस्टीम घेऊन नाही राहिली. एक होऊ शकते. मी वर्ग बदलून 'खेळणी' करते. तुम्ही इथे सही करा की हे खेळणं आहे."

चिंतामणरावांनी ते वाक्य दोनदा वाचले. सदतीस वर्षांत त्यांनी न पटलेल्या मजकुराखाली सही केली नव्हती. त्यांनी पेन उचलले, ठेवले, पुन्हा उचलले. शेवटी सहीवर लहान अक्षरांत 'निषेध नोंदवून' असे लिहून त्यांनी इंजिन सोडवले.

भूप्रदेशाची निवड हा पुढचा प्रश्न. जर्मनीच्या गाडीभोवती कापसाचे हिम होते. आपल्या गाडीखाली वऱ्हाडची काळी माती हवी, आणि ती खरीच हवी, रंगवलेला भुसा नको, असे चिंतामणरावांचे मत पडले. शेजारचे खुशालराव यांचे गावाकडे वीस एकर रान होते. त्यांनी पोतेभर माती आणून दिली. तिच्याबरोबर सल्ला फुकट होता.

"हे माती घरात नका आनू, साहेब. हे माती म्हंजे जित्ती हाये. पानी लागलं का फुगते, सुकलं का फाटते. इच्यापायी माह्या घराची भित सरकली."

"फळीवर केवळ एक बोट थर आहे, खुशालराव."

"एक बोट असो का एक वावर, तिले काय समजते? आन् माह्या गावचा थांबा टाकला का नाई?"

हा थांब्याचा विषय स्वतंत्र होता. गल्लीत बातमी पसरल्यापासून, ज्याचे आजोळ, सासर किंवा मावशी त्या मार्गावर होती, असा प्रत्येक जण येऊन आपले स्थानक मागत असे. खुशालरावांच्या पत्नी आशाबाई यांची मागणी वेगळी होती. "फलाटावर एक लिंबाचं झाड पाह्यजे वो भाऊजी. त्याच झाडाखाली मले पाह्याले आले होते. गाडी इतकी हळू ये, का उतरल्याबरोबर मले दिसलं, पोरगा काया हाये."

"मग नाही काहून नाई म्हनलं?" खुशालराव म्हणाले.

"गाडी निंगून गेली होती ना!"

आशाबाईंचा लिंब म्हणजे कडुनिंब; ते निंबाचे झाड लावण्यात आले. कुल्फीच्या बाराशे कोऱ्या काड्या कापून त्यांचे स्लीपर झाले, भांडीबाजारातून आणलेल्या पितळी पट्ट्यांचे रूळ झाले. चिंतामणराव रोज सकाळी ठोकळा हाती घेऊन वीतभर मार्ग टाकत. त्यांची पाठ दुखे, बोटे डिंकाने एकमेकांना चिकटत; एकदा चष्माच रुळाला चिकटला आणि प्रमोदिनीबाईंनी तो खोबरेल लावून सोडवला. त्या या काळात समंजसपणे वागल्या, हे येथे नमूद केलेच पाहिजे. उंबऱ्यावर उभ्या राहून त्या टी.व्ही. पाहत आणि अधूनमधून म्हणत, "मूर्तिजापूर छान दिसतंय हो." चैत्र लागला, ऊन चढले, त्यांनी कूलर उतरवून घेतला, स्वतः वाळा बसवला, पाणी भरले, आणि खोलीत पहिला गार, ओला वारा आला.

त्यानंतर चार दिवसांनी, दुपारी, चिंतामणरावांनी इंजिन रुळांवर ठेवले आणि कळ दाबली. इंजिन निघाले, चार बोटे चालले आणि दोन रुळांच्या मध्ये बसकण मारून थांबले. बैल चिखलात बसतो तसे. उचलून ठेवले, पुन्हा बसले. दुसऱ्या ठिकाणी ठेवले, तेथेही बसले. मूर्तिजापूर ते अचलपूर या संपूर्ण मार्गावर असे एकही ठिकाण नव्हते, जेथे ते वीतभर धावले.

चिंतामणरावांनी मार्गाची पाहणी केली. मातीवर हात ठेवला. माती ओलसर होती, आणि खुशालरावांनी सांगितल्याप्रमाणे फुगली होती. काही स्लीपर तर उघडच वर आले होते. कारण सापडले! माती फुगली, तिने स्लीपर उचलले, स्लीपरांनी रूळ फाकवले. माती कशाने फुगली? कूलरच्या ओलाव्याने. ओलावा कशाने? पाणी अधिक झाल्याने. पाणी कोणी भरले? मोजणीची साखळी अशी टाकत जावी, की शेवटचा खुंटा दुसऱ्याच्या हद्दीत निघावा.

त्या सायंकाळी कुंपणापाशी ते खुशालरावांना म्हणाले, "मार्गात दोष नाही. हिच्या पाण्याचे प्रमाण चुकते. अंदाजाने ओतते ना."

कुंपणापाशी बोललेले वाक्य कुंपणापाशी राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या दुकानात आशाबाईंनी कळवळ्याने विचारले, "काहून वो प्रमोदिनीबाई, पानी जास्त टाकता म्हने तुमी? त्यायची गाडी बसली म्हनते."

प्रमोदिनीबाई दूध घेऊन घरी आल्या. दूध तापवले. चहा केला, आणि त्यात साखर चमच्याने मोजून टाकली. चिंतामणरावांना हा चमचा दिसला. त्याचा अर्थ मात्र लागला नाही. त्याच वेळी ते सांगत होते की अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे फक्त अकरा दिवस, कूलर बंद ठेवावा लागेल.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "मी ताईकडे जाते."

"अकोल्यास? तेथे तर याहून अधिक उष्मा आहे."

"उष्मा आहे. पण तिथे माझ्या पाण्याला कुणी मोजत नाही."

आणि त्या खरोखरच गेल्या. बाराच्या गाडीने, एक पिशवी घेऊन. दारात वळून त्यांनी एवढेच सांगितले की लोणच्याची बरणी हलवू नका.

पुढचे दिवस चिंतामणरावांनी कसे काढले, हे सांगताना लेखणी अडखळते. पारा चव्वेचाळिसावर गेला. ते ओला पंचा डोक्यावर घेऊन फळीसमोर बसत. माती आता वाळत होती. आणि वाळता वाळता खुशालरावांच्या वाक्याचा उत्तरार्ध सिद्ध होऊ लागला. प्रथम अचलपुराकडे केसाएवढी भेग पडली. ती वाढली, फाटे फुटले, एक फाटा निंबाच्या झाडाखालून गेला. चौथ्या दिवशी टक्क असा आवाज होऊन मूर्तिजापूर स्थानक मधोमध दुभंगले. तिकीटघर एकीकडे, फलाट दुसरीकडे. माती इतकी कोरडी होती की तिच्यात ओलाव्याचा अंशही नव्हता. चिंतामणरावांनी इंजिन ठेवले. ते बसले.

त्यांनी अकोल्यास फोन केला. मेहुणी साधनाबाईंनी उचलला. "प्रमोदिनी झोपली आहे," त्या म्हणाल्या, आणि किंचित थांबून पुढे म्हणाल्या, "कूलरमध्ये."

मागे केशवरावांचा आवाज आला: "साडभाऊ! गाडी कुठवर आली?"

"सिग्नलला थांबली आहे," चिंतामणराव म्हणाले आणि फोन ठेवला. सत्याच्या इतक्या जवळून जाणारे असत्य ते प्रथमच बोलले होते.

आता एकच आरोपी उरला होता. ते ठोकळा घेऊन, भर उन्हात, सहदेवाच्या दुकानी गेले. तुझा ठोकळा चुकीचा आहे, हे वाक्य त्यांनी वाटेतच तीन प्रकारे रचले होते. सहदेवाने ठोकळा हातात घेतला, पट्टीला लावला, आणि परत दिला.

"तीन सूत हाये, सायेब. तुमची सही हाये."

"मग इंजिन का बसते?"

"ते मले काय मालूम? नऊ मिलिमीटर म्हंजे तीन सुताले जरासक कमी. म्या तवाच म्हनलं होतं, जरासक कमी घेऊ का. तुमी म्हनले, जरासक हे माप नव्हे."

चिंतामणराव दुकानातल्या स्टुलावर बसले. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. हे गणित त्यांना चौथीपासून येत होते. अर्धा मिलिमीटर, म्हणजे खऱ्या रुळांवर चार बोटेसुद्धा नाहीत! त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये त्यांचे इंजिन, मूर्तिजापूर स्थानक आणि बत्तीस वर्षांचा संसार बसकण मारून बसला होता.

"पानी देऊ का?" सहदेवाने विचारले. "चेहरा उतरला तुमचा."

"पाण्याचे नाव काढू नकोस," चिंतामणराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बराच वेळ विचार केला. कोणालाही कळण्याचे कारण नव्हते. दुभंगलेली माती दाखवून सारा दोष निसर्गावर टाकता आला असता. सहदेव गप्प बसणारा माणूस होता, कूलर तर बोलतच नाही. पण राहून राहून त्यांना तो चमचा आठवत होता. मुठीने मीठ टाकणाऱ्या बाईने चमच्याने साखर मोजली होती. चिंतामणरावांनी पुन्हा फोन लावला आणि प्रमोदिनीबाईंना बोलावण्याचा आग्रह धरला.

"पाण्यासंबंधी मी जे बोललो," ते म्हणाले, "त्यात काही त्रुटी असण्याची शक्यता आहे."

"शक्यता?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "तुमच्या खात्यात शक्यतेवर चालतं का? बोललात ते शेजाऱ्यांसमोर. आता फेरमोजणी करा, तीही शेजाऱ्यांसमोर. रीतसर नोटीस काढून."

फेरमोजणी! सदतीस वर्षांत हा शब्द त्यांनी अनेकांच्या तोंडून ऐकला होता. त्यांच्या स्वतःच्या मोजणीविरुद्ध मात्र ती कधी टिकली नव्हती. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले:

'नोटीस. राजापेठ येथील बैठकीच्या खोलीतील अरुंद लोहमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर, तसेच त्याच खोलीतील कूलरच्या पाण्याचे प्रमाण, यांबाबत सौ. प्रमोदिनी यांनी हरकत घेतल्यावरून, अक्षय्य तृतीयेस सकाळी अकरा वाजता जागेवर फेरमोजणी करण्यात येईल. सर्व लगतधारकांनी हजर राहावे. कोणी गैरहजर राहिल्यास मोजणी थांबणार नाही.'

याचा फोटो त्यांनी अकोल्यास, खुशालरावांस आणि सहदेवास पाठवला. अकोल्याहून एका ओळीचे उत्तर आले: 'येईन. पाहुणी म्हणून.'

आणि ती पाहुणी म्हणूनच आली. स्वतःच्या घरात खुर्चीवर, पदर सावरून, पाठ ताठ ठेवून बसली. चिंतामणरावांनी पाणी आणून दिले तेव्हा "कशाला त्रास घेतलात" असेही म्हणाली. शेजारी साधनाबाई आणि केशवराव, दाराशी खुशालराव व आशाबाई, कोपऱ्यात सहदेव. आमरस आशाबाईंकडून आला होता. कूलर बंद होता आणि सगळ्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. फळीवरचे वऱ्हाड भेगांनी इतके फाटले होते, की केशवरावांनी ते पाहून तोंड उघडले. साधनाबाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिले, आणि त्यांनी ते मिटले.

चिंतामणरावांनी एका लेथवाल्याकडून बारीक मापाचे यंत्र आणले होते. त्यांनी चष्मा पुसला, पाच ठिकाणी माप घेतले आणि मोठ्याने वाचले. "साडेनऊ. साडेनऊ. साडेनऊ. नऊ पूर्णांक सहा. साडेनऊ."

"हे कोरड्यातलं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"होय."

"आणि तो सही केलेला ठोकळा?"

चिंतामणरावांनी ठोकळा यंत्रात धरला. "साडेनऊ."

"तो कधी केला?"

"फाल्गुनात."

"कूलर कधी लागला?"

"चैत्रात."

चिंतामणरावांनी यंत्र खाली ठेवले आणि सरळ उभे राहिले, जसे पूर्वी दोन भावांच्या मध्ये, बांधावर उभे राहत तसे. फक्त या वेळी दोन्ही भाऊ तेच होते.

"मोजणी चुकली," ते म्हणाले. "माझी. माती ओलाव्याने फुगली हे खरे. पण गाडी त्यामुळे बसली नाही. ती आधीपासून बसणारच होती. सहदेवाने मला सांगितले होते. मी ऐकले नाही. पाण्याचे प्रमाण बरोबर होते. खुशालराव, मी तुम्हाला कुंपणापाशी जे सांगितले ते मी मागे घेतो, आणि जिथे जिथे ते पोचले असेल तिथे तिथे हेही पोचवावे, अशी विनंती आहे."

"पोचते ते," खुशालराव म्हणाले. "आमच्या घरातून सारंच पोचते." आशाबाईंनी त्यांना कोपर मारले.

"मूर्तिजापूर कशानं फुटलं?" प्रमोदिनीबाईंनी विचारले.

"उन्हाने," चिंतामणराव म्हणाले, आणि मग दुरुस्ती केली, "म्हणजे मी कूलर बंद केला म्हणून."

आदल्या दिवशी सहदेवाने मूर्तिजापुरापासून हातभर मार्ग उखडून, नव्या ठोकळ्याने, पुन्हा घातला होता. त्या ठोकळ्याच्या पाठीवर सही नव्हती. चिंतामणरावांनी इंजिनाला दोन डबे जोडले आणि कळ दाबली. गाडी हलली, दुभंगलेल्या फलाटाजवळून निघाली, निंबाखालून गेली, आणि हातभर चालून, जुन्या रुळांच्या तोंडाशी आली, तेव्हा सहदेवाने तिला तळहातावर अलगद झेलले.

"बाप्पा!" खुशालराव म्हणाले. "खरी त तेवढीबी नाई चालून राहिली आता."

आशाबाई त्या झाडाकडे पाहत होत्या. केशवराव फळीच्या कडेला हनुवटी टेकून, डोळे रुळांच्या पातळीवर आणून, उकिडवे बसले होते. "पुन्हा सोडा, साडभाऊ," ते म्हणाले. "आमच्या गाडीच्या वाटेत मूर्तिजापूर येत नाही." हे ते थट्टेने म्हणाले की मनापासून, याचा निकाल चिंतामणरावांना लावता आला नाही, आणि प्रथमच तो लावावा असे वाटले नाही.

प्रमोदिनीबाई खुर्चीवरून उठल्या. पदर खोचला. न्हाणीघरातून बादली भरून आणली आणि कूलरच्या टाकीत ओतली. दुसरी आणली. दुसरीच्या वेळी चिंतामणरावांचे तोंड सवयीने उघडले. टाकीची क्षमता त्यांना पाठ होती. सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिले. तोंड मिटले. तिसरी बादली त्यांनी स्वतः जाऊन भरून आणली आणि बायकोच्या हाती दिली.

कूलर घरघरला, थरथरला, आणि खोलीत वाळ्याचा ओला वास पसरला. साधनाबाईंनी डोळे मिटून घेतले. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

सहदेवाने मातीवर बोट टेकवून पाहिले. "सायेब, हे आता पुन्हा फुगन हां."

"फुगू दे," चिंतामणराव म्हणाले.